सोनूच्या क्रूपविषयी आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुढच्या आठवड्यात सोनू तुमच्याकडे पंचवटीत राहायला येतो आहे. त्याला मागे झालेला क्रूप, म्हणजे स्वरयंत्राखालचा श्वासमार्ग सुजण्याचा आजार, काही मुलांना पुन्हा होतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणून फोनवर घाईघाईने बोलण्यापेक्षा सगळे सविस्तर लिहून पाठवते. पत्र देवघराजवळच्या कपाटात त्याच्या फाइलमध्येच ठेवा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होणार नाही.

हा आजार बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूमुळे होतो आणि सहा महिने ते तीन वर्षे या वयात सर्वाधिक दिसतो. स्वरयंत्राच्या लगेच खाली श्वासमार्ग मुळात अरुंद असतो, आणि तिथे कूर्चेचे पुरते कडे असल्यामुळे सूज आली की ती आतल्या बाजूलाच वाढते. बाबा, तुम्ही इतकी वर्षे विज्ञान शिकवलेत, तुम्हाला हे चटकन पटेल: नळीची त्रिज्या निम्मी झाली तर संथ प्रवाहाला होणारा अडथळा १६ पट वाढतो. मोठ्या माणसाचा त्याच सुजेने नुसता घसा बसतो, तिथे एवढ्याशा मुलाची दमछाक होते ती यामुळे.

दिवसभर थोडी सर्दी, कणकण, बसलेला आवाज, आणि मध्यरात्री एकदम कुत्रे भुंकावे तसा खोकला, असा त्याचा साधारण क्रम असतो. पहिल्या दोन-तीन रात्री त्रास अधिक होतो, दिवसा मूल खेळते, आणि पुष्कळदा तीन-चार दिवसांत तो खोकला ओसरतो. तो आवाज ऐकून काळजाचे पाणी होते हे खरे, परंतु आजार किती वाढला आहे हे त्या खोकल्यावरून ठरवायचे नाही. श्वास आत घेतानाचा आवाज ऐकायचा. सोनू शांत बसलेला असताना, रडत किंवा खोकत नसताना, आत जाणाऱ्या प्रत्येक श्वासाला चिरका, कर्कश सूर येतो का ते पाहा. मग दिवा लावून त्याचे स्वेटर आणि बनियन वर करा आणि गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वर जी खळगी असते, तिच्याकडे नजर ठेवा. श्वासागणिक ती खळगी आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, तर घरी थांबायचे नाही.

तेवढे नसेल तर त्याला शांत ठेवणे हेच घरचे मुख्य काम आहे, कारण रडताना तो जोराने श्वास ओढतो आणि आधीच अरुंद झालेली वाट आणखी आक्रसते. त्याला आडवे पाडू नका; आईने मांडीवर ताठ बसवून घ्यावे, पाठीवरून हात फिरवावा, घोट-घोट पाणी द्यावे. मोबाइल देऊ नका म्हणून एरवी मीच तुमच्या मागे लागते, पण त्या वेळी तो जे मागेल ते खुशाल लावून द्या. चमच्याने जीभ दाबून घसा मात्र अजिबात पाहू नका.

आई, आता तुला न आवडणारी गोष्ट. शेगडीवर ओवा आणि लसणाची धुरी नको, आणि वाफाराही नको. धुराने सुजलेला घसा अधिक चुरचुरतो; वाफेने क्रूप कमी होतो याला आधार मिळालेला नाही, उलट उकळत्या पाण्याने मुले भाजल्याची उदाहरणे मात्र आहेत. त्याऐवजी त्याला शालीत गुंडाळून गच्चीवर किंवा ओट्यावर थोडा वेळ घेऊन बसा. निफाडचा पारा घसरला की आपल्याकडेही जी बोचरी हवा सुटते, ती इथे चक्क उपयोगी पडते. जिनिव्हात ११८ मुलांवर झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. औषध सगळ्यांनाच दिले होते, पण १० अंशांखालच्या बाहेरच्या हवेत अर्धा तास बसवलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना तेवढ्यात उतार पडला, तर खोलीत ठेवलेल्यांपैकी सुमारे पाव मुलांनाच पडला. कोपऱ्यावर कोणी शेकोटी पेटवली असेल तर मात्र त्या बाजूला जाऊ नका.

औषधांचे थोडक्यात सांगते. ताप आल्यास फाइलमध्ये वजनाप्रमाणे लिहून दिलेले पॅरासिटामॉल द्या. विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. दुकानातून खोकल्याचे सिरप आणू नका. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रीन यांचे नेहमीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापणे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी बंधनकारक केले आहे. खरा गुण येतो तो डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या एका डोसाने, आणि तो डॉक्टरांनीच तपासून द्यायचा असतो. म्हणून त्रास सौम्य असला तरी सकाळी एकदा दाखवून आणा. स्टेरॉइड म्हटल्यावर शेजारी कोणी घाबरवले तर मनावर घेऊ नका, एका डोसाची ती भीती नव्हे.

शांत असतानाही कर्कश श्वास चालू राहिला, खळगी आत जाऊ लागली, ओठ निळसर दिसले, तो मलूल पडला, किंवा तोंडातून लाळ गळू लागून गिळता येईनासे झाले, तर १०८ ला फोन करा. खेळता खेळता अचानक ठसका लागून श्वास अडकला, तर तो क्रूप समजू नका. शेंगदाणा किंवा मणी अडकलेला असू शकतो, आणि तेव्हाही हेच करायचे. रुग्णालयात कदाचित नेब्युलायझरमधून ॲड्रेनालिन देतील. त्याने मूल पाहता पाहता हसू लागते, परंतु तो परिणाम साधारण दोन तासांत ओसरतो, म्हणून ते काही तास थांबवून घेतील. बाबा, तेव्हा घरी सोडा असा आग्रह धरू नका.

रात्रपाळीला बालरोगतज्ज्ञ कुठे असतात ते तो येण्याआधी दिवसा चौकशी करून ठेवा, आणि शेजारच्या काकांना गाडीबद्दल आताच विचारून ठेवा. मला फोन वाटेत गाडीतून केलात तरी चालेल.

तुमची,
ताई