ज्या संस्थेसाठी मी धावलो नाही, तिथल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्या कार्यालयात फोन केला तेव्हा माझी संस्था ठरलेली होती; कारण, खरे सांगायचे तर, एवढेच होते की मॅरेथॉनच्या सोडतीत माझे नाव लागले नव्हते आणि आपल्याकडे राखीव बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, म्हणजेच शर्यतीतला प्रवेश; संस्थेसाठी निधी गोळा करणाऱ्याला मिळणारा) शिल्लक होते. आपण आधी विचारलेत, "कोणासाठी धावताय?" मी संस्थेचे नाव सांगितले. "ते कळलं. माणूस कोण?" या प्रश्नावर मी थोरल्या भावाच्या डायलिसिसबद्दल बोलू लागलो, तो बराच वेळ थांबलो नाही.

आपली संस्था हृदयविकारावर काम करते. लोक तुम्हाला मूत्रपिंडाबद्दल विचारतील आणि तुम्ही त्यांना आमचे माहितीपत्रक वाचून दाखवाल, असे आपण हसत म्हणालात. कर्करोगामुळे पाय गमावलेला कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स १९८० साली कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, तेव्हा कर्करोगच का, हे त्याला कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

राखीव बिबचा व्यवहारही आपणच उलगडून सांगितलात: ते बिब संस्थेने आयोजकांकडून पैसे मोजून घेतलेले असते, म्हणून धावपटूकडून किमान रकमेची हमी घेतली जाते, आणि रक्कम कमी पडल्यास उरलेली त्याने स्वतः भरावी अशी अट करारात असू शकते. त्यापेक्षा थेट नोंदणी मिळेल अशी दुसरी शर्यत धरा आणि जमेल तेवढा निधी निर्धास्तपणे गोळा करा, हा सल्ला देताना आपले एक बिब पडून राहणार हे आपल्याला ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात मी तीन संस्थांचे वार्षिक अहवाल पेन्सिल घेऊन वाचले. प्रशासकीय खर्च कमी दिसला की संस्था चांगली, हा माझा समज आपण आधीच मोडला होता (हिशेब ठेवणाऱ्यालाही पगार लागतोच), त्यामुळे मी लेखापरीक्षकाचा शेरा आणि विशिष्ट कामासाठी आलेला पण वर्षानुवर्षे न वापरलेला निधी पाहिला. मग तिघांनाही आपण सुचवलेला प्रश्न पाठवला: माझ्याकडून अगदी थोडीच रक्कम आली, तर तिचे काय कराल? एकीकडून छापील आभार आले, दुसरीकडून काहीच नाही. तिसऱ्या, सर्वांत लहान संस्थेने दोन ओळींत कळवले की रुग्णांच्या जाण्यायेण्याचा खर्च भागवू. आठवड्यातून तीनदा दादाला केंद्रावर नेणाऱ्या मला त्या दोन ओळी पुरल्या.

आवाहनात मी फार काही लिहिले नाही. ४२.१९५ किलोमीटर धावायला मला साधारण साडेचार तास लागतात. दादा प्रत्येक खेपेला यंत्राशेजारी सुमारे चार तास बसतो. हे वाचून ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या अनेकांनी पुढे प्रश्न विचारले आणि एकाही उत्तरासाठी मला कागद शोधावा लागला नाही.

शर्यतीनंतर प्रत्येक देणगीदाराला हिशेब पाठवा, असे आपण बजावले होते. तो गेल्या आठवड्यात पाठवला. आपण देणगीदार नाही, तरी त्याची एक प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

आपला कृतज्ञ,
एक धावपटू