भूमिका म्हणजे मुखवटा नव्हे

निवृत्तांनी नोकरीतल्या भूमिकेचा मुखवटा उतरवून ‘खऱ्या स्व’चा शोध घ्यावा, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. पटला नाही.

भूमिकेच्या आड एक तयार, अस्सल माणूस दडलेला असतो, हे लेखकाचे गृहीतकच तपासायला हवे. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचे उदाहरण घ्या. गिरणी कामगारांसाठी रांधणे हे घरकामच समजले जाई. बहुधा त्याही तसेच समजत. १९७५ मध्ये कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि सावकाराच्या दारी जाणाऱ्या या बायका बँकेच्या कर्जदार झाल्या. हप्ते फेडणारी, चारचौघांत हिशेबाचे बोलणारी बाई आत कुठे लपून बसली नव्हती. जबाबदारी अंगावर पडल्यावर ती घडली.

भूमिका माणसाला आवळतेही, हे खरेच. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. गिरणीपलीकडे दुसरी ओळख नसलेल्यांची पुढे काय परवड झाली, हे लालबाग-परळने पाहिले आहे. पण त्यांना उणीव दुसऱ्या कामाची होती, आत्मशोधाची नव्हे. निवृत्तांना सल्ला द्यायचाच, तर सोसायटीचे चिटणीसपद किंवा वाचनालयाचे काम सुचवावे. वेळखाऊ आहे, शिव्याही खाव्या लागतात, तरी सुचवावे.

– एक वाचक, लालबाग, मुंबई