बाबा, मी खटला का लढत नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "सर्किट तुझं, पेटंट तुझ्या नावावर, मग त्या कंपनीशी तडजोड कशाला?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने आयएफ कॉइल, म्हणजे रेडिओच्या आतली मधल्या वारंवारतेची गुंडाळी, केसभर फिरवायचात आणि सांगली केंद्र खणखणीत लागायचं. ती सुपरहेटची रचना, म्हणजे येणारी लहर आधी एका ठरलेल्या मधल्या वारंवारतेवर आणून मग मोठी करायची, एडविन आर्मस्ट्राँगने 1918 मध्ये शोधली. एफएमही त्याचंच. वीज चमकली की मीडियम वेव्हवर कडकड येते, कारण विजेने लहरीची उंची बिघडते आणि आवाज त्या उंचीतच असतो. आर्मस्ट्राँगने आवाज वारंवारतेत बसवला आणि खरखर गेली. 26 डिसेंबर 1933 ला त्याला पेटंटं मिळाली.

आरसीए तेव्हा रेडिओतली सर्वांत बलाढ्य कंपनी. तिचा प्रमुख डेव्हिड सार्नॉफ हा आर्मस्ट्राँगचा मित्र. आर्मस्ट्राँगची बायको मॅरियन तर लग्नाआधी सार्नॉफचीच सेक्रेटरी होती. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या झाल्या, उत्तम झाल्या. मग 1935 मध्ये कंपनीने त्याला सामान हलवायला सांगितलं, टेलिव्हिजनसाठी जागा हवी म्हणून. त्याने स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीत अल्पाइनला मनोरा उभारला. तो अजून उभा आहे. 1940 मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले. बाकीच्या कंपन्या रॉयल्टी देतात, तुम्हीही द्या, असं म्हणून त्याने ते नाकारले. 1945 मध्ये अमेरिकन सरकारने एफएम 88 ते 108 मेगाहर्ट्झवर हलवलं आणि लोकांच्या घरातले जुने संच निकामी झाले.

1948 मध्ये त्याने, आपली पेटंटं परवान्याशिवाय वापरल्याबद्दल, आरसीएवर दावा लावला. कंपनीच्या वकिलांनी नुसती त्याची उलटतपासणी वर्षभर चालवली. बाबा, खरी मेख इथे आहे. पेटंटाची मुदत 17 वर्षं, ती 1950 ला संपली. रॉयल्टी आटली, वकिलांची बिलं सुरूच राहिली. कंपनीला खटला जिंकायची गरजच नव्हती, लांबवला तरी पुरे होतं. घरात पैशावरून भांडणं झाली, मॅरियन घर सोडून गेली आणि 31 जानेवारी 1954 ला आर्मस्ट्राँगने आपलं आयुष्य संपवलं. आरसीएने त्याच वर्षी मॅरियनला साधारण दहा लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, म्हणजे 1940 मध्ये देऊ केलेलीच रक्कम. इतर कंपन्यांशी ती लढत राहिली. शेवटची मोटोरोला, 1967 मध्ये. निकाल त्याच्या बाजूने लागले, पण ते ऐकायला तो नव्हता. हे वाचलं तेव्हा माझा जीव कळवळला.

आता मुदत वीस वर्षांची आहे, पण वेळकाढूपणा गेलेला नाही. 2012 पासून इथे अमेरिकेत पेटंट ऑफिसातच दुसऱ्याचं पेटंट रद्द करा म्हणून अर्ज करता येतो. समोरच्या वकिलांनी पहिलं काम तेच केलं. त्याचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने आमचा दावा थांबवून ठेवला. माझी बाजू भक्कम आहे असं माझा वकील सांगतो, मलाही ते पटतं. पण अपिलं धरून यात किती वर्षं जातील ते तोही सांगू शकत नाही. तोवर मी नवीन काही बनवायचं नाही, फक्त जुनं राखत बसायचं, हे मला नको आहे.

त्यांनी देऊ केलेली रक्कम माझ्या हिशेबाने कमी आहे. तरी पेटंट माझ्याच नावावर राहतंय, त्यांना फक्त वापराचा परवाना मिळणार. ही अट मी सोडली नाही, तिच्यासाठी दोन बैठका मोडल्या. बाबा, तुम्हाला ही माघार वाटेल. वाटली तर मोकळेपणाने सांगा, मी ऐकेन. पण पुढच्या आठवड्यात सही करणार आहे.

श्रवणयंत्रातला वाऱ्याचा घोंगाट कमी करणाऱ्या नव्या सर्किटचा अर्ज मी आधीच भरलाय, तेव्हा त्याविषयी आता कुणाशीही बोललात तरी चालेल. आई, तू कानाची तपासणी पुढे ढकलू नकोस. ऑडिओग्रामचा फोटो पाठव. दोन्ही कानांचा हवा.

तुमचा,
संजू