माफी मागून झाली म्हणजे संपलं?

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस ना, की डच लोकांनी इंडोनेशियाची माफी मागितलीय, राजाने मागितली, पंतप्रधानांनी मागितली, आता अजून काय करायला हवं त्यांनी, ते तेव्हापासून डोक्यात फिरतंय. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहितेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बस.

तू आता इतकी वर्षं नेदरलँड्समध्ये राहतेस, तुझे शेजारी, ऑफिसमधली माणसं चांगली आहेत, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मी बोलतेय ते तिथल्या सरकारबद्दल, म्हणजे देश म्हणून जबाबदारी घेण्याबद्दल.

इंडोनेशिया ही डचांची वसाहत होती आणि १९४५ ते १९४९ तिथे त्यांच्याविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई चालू होती. रावागेडे नावाचं गाव होतं, तिथल्या पश्चिम जावामधलं, आता त्याला बालोंगसारी म्हणतात. ९ डिसेंबर १९४७ ला पहाटे डच सैनिक तिथे आले, त्यांना लुकास कुस्तार्यो नावाचा एक बंडखोर कॅप्टन हवा होता. तो सापडला नाही आणि गावातल्या कुणी सांगितलं पण नाही. मग त्यांनी पुरुष आणि पोरं बाहेर काढली, रांगेत उभी केली आणि गोळ्या घातल्या. गावातले लोक ४३१ मेले म्हणतात, डच सरकार १५० च्या आसपास म्हणत आलंय. बायकांनीच खड्डे खणून आपल्या नवऱ्यांना, पोरांना पुरलं कारण गावात पुरुष उरलेच नव्हते. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालात हे सगळं आलं, म्हणजे जगाला माहीत होतं. डच सेनाप्रमुख जनरल स्पूर आणि तिथले सरकारी वकील यांच्यात, गावात गेलेल्या सैनिकांच्या मेजरवर खटला भरायचा का यावर पत्रव्यवहार झाला, आणि भरायचा नाही असं ठरलं. कुणालाच शिक्षा नाही, एकालाही नाही.

आणि मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू, हे करणारा देश स्वतः तीन वर्षांपूर्वी हेच भोगून बसला होता. तुझ्या तिथलंच पुट्टेन गाव, ऑक्टोबर १९४४. तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात होता, त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या डच लोकांनी एका जर्मन गाडीवर हल्ला केला म्हणून जर्मनांनी गावातले सहाशेच्या आसपास पुरुष पकडून छळछावण्यांत पाठवले, घरं जाळली, त्यातले पन्नाससुद्धा जिवंत परत आले नाहीत. त्याचं स्मारक आहे, दरवर्षी लोक जमतात, आणि जमायलाच पाहिजे. पण पुट्टेनच्या विधवांचं दुःख ज्यांना कळत होतं त्यांना रावागेडेच्या विधवांचं साठ वर्षं दिसलं कसं नाही?

कळत नव्हतं असंही नाही गं. १९६९ मध्ये योप ह्यूटिंग नावाच्या माजी सैनिकाने टीव्हीवर येऊन सरळ सांगितलं की आम्ही तिथे काय काय केलं. केवढा गदारोळ झाला, त्याला धमक्या आल्या. सरकारने घाईघाईत एक अहवाल काढला आणि निष्कर्ष काय, तर काही ठिकाणी अतिरेक झाला पण एकूण सैन्य नीट वागलं. पुढची कित्येक दशकं हेच एक वाक्य सगळ्या सरकारांनी धरून ठेवलं.

शेवटी रावागेडेच्या म्हाताऱ्या विधवाच कोर्टात गेल्या, हेगच्या डच कोर्टात. वकील लिसबेथ झेगफेल्ड. आणि सरकारची बाजू काय होती माहितीये? मुदत संपली. लोकांना मारलं की नाही यावर वाद नाही, फक्त तुम्ही उशिरा आलात. जावामधल्या खेड्यातल्या बाईने १९५० च्या आसपास हेगमध्ये वकील लावायला हवा होता म्हणे!! त्या हत्याकांडातून वाचलेला शेवटचा पुरुष मे २०११ मध्ये वारला, आणि निकाल आला १४ सप्टेंबरला. कोर्ट म्हणालं की या विधवांच्या बाबतीत मुदतीचा मुद्दा पुढे करणं न्यायाला धरून नाही, सरकार जबाबदार आहे. मग त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूत गावात गेले, माफी मागितली, प्रत्येकी २० हजार युरो मिळाले.

म्हणजे बघ, माफी आधी नाही आली, आधी निकाल आला.

आणि २०२० चा मार्च घे. त्या महिन्यात राजा विलेम-अलेक्झांडर इंडोनेशियात जाऊन अतिरेकी हिंसेबद्दल माफी मागतो, पेपरात फोटो, सगळं. त्याच महिन्यात हेगच्या कोर्टात इंडोनेशियातल्याच दक्षिण सुलावेसी भागात डच सैन्याने मारलेल्या माणसांच्या मुलांच्या भरपाईचा निकाल येतो आणि त्यातली सगळ्यात लहान रक्कम आहे १२३ युरो ४८ सेंट. का, तर बाप जिवंत असता तर मूल मोठं होईपर्यंत त्याच्या कमाईतून किती खर्च केला असता याचा हिशेब काढला, आणि बाप गरीब शेतकरी होता. तो ४८ सेंटचा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद केला गं. कायद्याने कदाचित बरोबरही असेल, पण एका देशाने आपल्या सैन्याने मारलेल्या बापाची किंमत सेंटपर्यंत काढून द्यावी आणि वर म्हणावं की आम्हाला खेद आहे, हे मला नाही पटत. नंतर सरकारने मुलांसाठी सरसकट ५ हजार युरो ठरवले, तेही पुराव्याच्या अटी घालून.

फेब्रुवारी २०२२ ला त्या काळातल्या डच हिंसेवरच्या मोठ्या संशोधनाचा निष्कर्ष आला, की ही हिंसा सुटीसुटी नव्हती, सर्रास होती, आणि राजकारणी, सैन्य, न्यायव्यवस्था सगळ्यांनी ती चालू दिली. तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी त्याच दिवशी माफी मागितली, आधीच्या सरकारांनी तोंड फिरवलं याचीही मागितली. ते मी मनापासून चांगलं मानते. पण तोपर्यंत गोळ्या घालणारे आणि विधवा जवळजवळ सगळे गेलेले. ज्या माफीने कुणालाच काही सोसावं लागत नाही तिला मी जबाबदारी कशी म्हणू? खटले चालवता येत होते तेव्हा चालवले नाहीत, कागदपत्रं हाताशी होती तेव्हा चौकशी केली नाही, माझा राग तिथे आहे.

आणि हे फक्त डचांचं नाही, आपलं पण आहे थोडं. ऑक्टोबर १९४५ ला, महायुद्ध संपल्यावर, शरण आलेल्या जपान्यांचा ताबा घ्यायला ब्रिटिशांनी इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात उतरवलेल्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन होत्या. आपल्याकडची खेड्यापाड्यातली पोरं, दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी तिसऱ्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिशांनी शहरावर बॉम्ब टाकले, तोफा डागल्या, हजारो लोक मेले, त्यात साधी माणसं किती तरी. त्यांच्या घरच्यांनी कुणाच्या दारात जायचं, लंडनच्या की दिल्लीच्या? आपल्याकडे यावर कुणी बोलताना मी तरी ऐकलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं, की अजून काय करायचं ते विधवांच्या मुलांना विचारा, आणि ते काही मागतील तेव्हा त्यांच्या अंगावर वकील सोडू नका.

एक काम कर माझ्यासाठी. ईशान आता तिथल्या शाळेत इतिहास शिकतोय ना, त्याच्या पुस्तकात १९४५ ते १९४९ वर किती पानं आहेत बघ, रावागेडेचं नाव आहे का ते बघ, आणि फोटो काढून पाठव. डच मला येत नाही, पण तू वाचून दाखव.

तुझीच,
शमा