दासाची भीती आणि लेकराची हाक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आजारपण आले की ते ‘तुमच्या पापाची शिक्षा’ आहे, असे सांगून भाविकांना धास्तावण्याची रीत आमच्या काही ख्रिस्ती प्रार्थनासभांतही रुजू पाहत आहे आणि ती मला मनापासून खुपते. माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भेटीला आलेल्या एकाने तिला हेच ऐकवले. रात्री उशाशी ठेवलेल्या बायबलवरचा तिचा हात थरथरत होता.

बायबलमधील, संत पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात नेमके उलटे सांगितले आहे: आपल्याला पुन्हा भ्यायला लावणारा दासपणाचा नव्हे, तर दत्तकपणाचा आत्मा मिळाला असून त्याच्या योगे आपण देवाला ‘अब्बा’, म्हणजे बापा, अशी हाक मारतो. रोमन कायद्यात दत्तक पुत्राला पूर्ण वारसाहक्क मिळत असे, त्यामुळे त्या वाचकांना या शब्दात मायेइतकाच हक्कही ऐकू आला असावा. हीच अरामी, म्हणजे येशूच्या बोलीतली, हाक येशूने गेथशेमाने बागेत, मरण समोर दिसत असताना, व्याकूळ होऊन मारली, असे मार्क आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहितो. म्हणून थरथरणारा हात ही अविश्वासाची खूण आहे, असे मी मानत नाही.

त्या रात्री मी आईला तो अध्याय वाचून दाखवला. मरण किंवा जीवन, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून तोडू शकणार नाही, या शेवटच्या ओळी संपेपर्यंत तिला झोप लागली होती. आजाऱ्याच्या खाटेजवळ जाणाऱ्या उपदेशकांनी आधी हा अध्याय वाचावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, अहिल्यानगर