विषय: तुमच्याच हेल्पलाईनच्या सल्ल्यानं उडालेला कीबोर्डचा पोर्ट आणि नाकारलेली वॉरंटी

कस्टमर केअरचे जे कोण मोठे साहेब असतील त्यांना,

आत्ताच तुमच्या माणसानं फोन कट केला म्हणून लिहायलोय. डेस्कटॉप तुमच्याकडनंच घेतलेला, रिफर्बिश्ड, वॉरंटीत आहे, मागं कीबोर्ड-माउससाठी जांभळा-हिरवा गोल पोर्टवाला. कीबोर्ड बिघडला, तुम्ही दुसरा पाठवलात, इथपर्यंत ठीक. खानापुरात माझं बी-बियाण्याचं दुकान, भात पेरणीचे दिवस, काउंटरवर माणसं खोळंबलेली. हेल्पलाईनला विचारलं, मशीन बंद करून लावू काय? तर म्हणे, "नको सर, स्लीपला टाका, जुना काढा, नवीन लावा, काही होत नाही." लावला. कीबोर्ड मेला, माउसपण मेला, आणि ऐन सीझनला बिलं हातानं.

बेळगावात खडेबाजारच्या रिपेरवाल्यानं झाकण काढून दाखवलं. पोर्टच्या मागं बोर्डावर तांदळाएवढा फ्यूज, मीटर लावला तर बीपच येईना, म्हणजे फ्यूज उडालेला. तो म्हणाला, स्लीपमध्येसुद्धा बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय चालूच असतो, मेमरी त्यावरच जागी राहते. यूएसबीत पॉवरच्या पिना लांब, त्या आधी टेकतात आणि डेटाच्या नंतर, म्हणून ते चालू मशीनला लावलेलं चालतं. हा गोल पीएस/२ पोर्ट १९८७ सालचा, त्यात तसली सोयच नाही, प्लग जरा तिरका बसला तरी शॉर्ट. हे खडेबाजारात माहीत आहे, तुमच्या ऑफिसात नाही?

आता आजचा फोन ऐका. तुमचा माणूस म्हणतो, "सर, पुस्तिकेत मशीन बंद करून लावा असं लिहिलंय, वाचलं नाही का?" म्हटलं, वाचलं म्हणूनच तर विचारलं, तुमचाच पोरगा नको म्हणाला. "आमचे एजंट असं सांगत नाहीत." म्हटलं, कॉल रेकॉर्ड होतोय असं तुमची बाई दरवेळी सांगते ना, मग ऐका की काढून. तर म्हणे ते रेकॉर्डिंग इंटर्नल वापरासाठी आहे. म्हणजे माझाच आवाज, माझंच नुकसान, आणि वापर तुमचा! वर शेवटी काय, "सर, थोडं कॉम्प्युटर शिकून घ्या." आणि कट. वा! शिकतो की, क्लास तुम्हीच घ्या, फक्त तो स्लीपवाला मास्तर नको.

"कस्टमरच्या चुकीनं डॅमेज" असं लिहून वॉरंटी नाकारलीत. चूक कुणाची? मी विचारून लावलंय. परत सांगतो, विचारून लावलंय. पहिला कॉम्प्युटरपण तुमचाच होता, तो वर्षानुवर्षं चालला, म्हणून दुसऱ्यांदा तुमच्याकडंच आलो.

फ्यूज आणि पोर्टच्या रिपेरीचं बिल सोबत जोडलंय, ते भरा, वॉरंटी चालू असल्याचं लेखी द्या. आठवड्यात उत्तर नाही आलं तर आधी ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरला फोन, मग बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस, तिथं ते इंटर्नल रेकॉर्डिंग घेऊन या. आणि फोनवरच्या पोरांना आजच सांगा, गोल पिनवाल्या मशीनला आधी शटडाऊन, मग भिंतीवरचं बटण बंद, मगच वायरीला हात. निपाणी, चंदगडकडच्या दुकानांत अजून असली मशीनं ढिगानं आहेत.