कुरडया एकटीने होत नाहीत

‘शेजारधर्म लोपला’ असा सूर लावणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून चीक काढावा लागतो आणि तो शिजवताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून एकीने ओतायचा व दुसरीने घाटायचा असतो. आमच्या इंदिरानगरातील इमारतीत उन्हाळ्यात पहाटेच सोऱ्या घेऊन चार घरे (हल्ली दोन निवृत्त पुरुषही) गच्चीवर जमतात. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा याच घरांतून बारा दिवस डबा आला, आणि डबा रिकामा परत करू नये म्हणून मी त्यात मूठभर कुरडया घालून पाठवीत असे. अनेक इमारतींत मात्र गच्चीलाच कुलूप असते. लेखकाने दोष माणसांना देण्याआधी त्या कुलपाकडे पाहायला हवे होते.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक